पोत्यातला हायड्रोजन

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात दोन चाड्यांच्या पाभरीने रब्बी पेरतात, तेव्हा एका चाड्यातून मालदांडी ज्वारीचे बी पडते, दुसऱ्यातून खत. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र असते. ते अमोनियातून येते आणि तेवढ्या अमोनियासाठी सुमारे २ किलो हायड्रोजन लागतो. आज हा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात. हरित हायड्रोजनची चर्चा बस आणि ट्रकपासून सुरू होते. ती या पोत्यापासून सुरू व्हावी, असे मला वाटते.

सौर किंवा पवनविजेने पाण्याचे विघटन करून मिळतो तो हरित हायड्रोजन. एका किलोला ५० ते ५५ युनिट वीज लागते, म्हणजे एका पोत्यामागे शंभरेक युनिट. केंद्राने जानेवारी २०२३मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले, २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे लक्ष्य ठेवून. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने आपले धोरण आणले. वायू तयार करता येईल. घोडे अडते ते तो ठेवण्यात आणि नेण्यात.

साध्या दाबाला एक किलो हायड्रोजन सुमारे ११ घनमीटर जागा व्यापतो. द्रवरूप करायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो आणि त्यात त्याच्या ऊर्जेच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतकी वीज जाते. पोलादी नळकांड्यांत दाबून भरला, तर ट्रेलर कित्येक टन लोखंड ओढतो आणि आत वायू असतो जेमतेम ३००-४०० किलो.

मग पाइपलाइन का नको? सोलापूरजवळच्या पाकणीला मुंबई-पुण्याकडून पेट्रोल-डिझेल नळानेच येते. पण हायड्रोजनचे अणू इतके लहान, की ते पोलादात शिरतात, त्याला ठिसूळ करतात, भेगा पडतात. जुन्या नळांचे पोलाद, जोड, झडपा, कॉम्प्रेसर सगळे तपासावे लागते. घरगुती वायूत थोडा हायड्रोजन मिसळण्याचे प्रयोग इंदूरला आणि सुरतजवळच्या कवासला झाले आहेत. जर्मनीने २०२४मध्ये ९,०४० किलोमीटरचे जाळे मंजूर केले, त्यातले बरेचसे जुनेच नळ बदलून. आपल्याकडे असे देशव्यापी जाळे एकदम टाकणे घाईचे ठरेल; आधी रिफायनरी, खत कारखाने, बंदरे जिथे शेजारी आहेत तिथे आखूड नळ टाकावेत.

साठवणुकीचा प्रश्न याहून अवघड आहे. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे उघडली, ही आठवण जपणाऱ्या मंगळवेढ्याला धान्याचे पेव समजावून सांगावे लागत नाही. हायड्रोजनचीही पेवे असतात. जमिनीखालच्या मिठाच्या थरात पाणी सोडून मीठ विरघळवतात आणि त्या पोकळीत वायू भरतात. इंग्लंडमध्ये टीसाइडला १९७२पासून हे चालू आहे. मीठ वायूला बाहेर पडू देत नाही. आपला दख्खनचा काळा कातळ मात्र भेगांचा, सांध्यांचा. देशातले मिठाचे जाड थर पश्चिम राजस्थानात. म्हणून महाराष्ट्रासाठी मला अमोनियाची वाट जवळची वाटते. तो उणे ३३ अंशांनाच द्रव होतो, जहाजाने येतो आणि त्याच्या टाक्या खत उद्योगाने दशकानुदशके हाताळल्या आहेत. तो विषारी आहे, त्यामुळे टाकीभोवतीच्या वस्तीची काळजी हा खर्चाचा भाग धरलाच पाहिजे. युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि तो आज नैसर्गिक वायूतूनच मिळतो. त्यामुळे सुरुवात डीएपी आणि संयुक्त खतांपासून करणे सोपे. २०२५मध्ये केंद्राच्या लिलावात १३ खत कारखान्यांसाठी वर्षाला ७.२४ लाख टन हरित अमोनियाचे दर ठरले, ते याच कारणाने मला महत्त्वाचे वाटतात.

राहिले पाणी. एका किलो हायड्रोजनला ९ लिटर शुद्ध पाणी, प्रत्यक्षात आणखी जास्त. महाराष्ट्राचे ५ लाख टनांचे लक्ष्य धरले तरी हे किमान पाणी ०.१६ टीएमसी होते. उजनी धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी. आकडा छोटा आहे, पण हे पाणी कुठून उचलायचे हा प्रश्न छोटा नाही. मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातील २४ गावांनी उपसा सिंचनासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे. तिथे विघटनाचा कारखाना उभा करू नये. सौर पॅनेल तिथे बसवावेत, शेतकऱ्याला जमिनीचे भाडे मिळावे आणि वीज तारेने कोकणात जावी. राज्याच्या धोरणात पारेषण शुल्काची सवलत आहेच. समुद्राचे पाणी गोडे करून हायड्रोजन आणि अमोनिया किनाऱ्यावर करावा आणि मंगळवेढ्याला खताचे पोते यावे.