सुटला की सोडला? कबड्डीतील बचावाविषयीच्या वादाची भाषा

मावळ तालुक्याचे पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ असे तीन भाग लोकव्यवहारात मानले जातात. त्यांपैकी आंद्रा नदीचे खोरे ते आंदर मावळ. कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुककडे जाणारा रस्ता धरला, की पुढे वडेश्वर, माऊ, डाहुली, खांड अशी गावे लागत जातात. भाताची कापणी उरकल्यावर या गावांतून कबड्डीचे सामने होतात, आणि सामना संपल्यावर त्याच्याहून अधिक वेळ त्याविषयीचा वाद चालतो. प्रस्तुत लेखकाचे या भागात जाणे-येणे मूळचे बोलीच्या अभ्यासासाठी. परंतु ऐकता ऐकता असे ध्यानात आले, की बोलीचे जे नमुने प्रश्नावली पुढे करून हाती येत नाहीत ते या वादात आपोआप येतात. वाद बहुधा चढाईचा नसतो. चढाईपटू चांगला की वाईट हे सर्वांना दिसते. वाद असतो तो पकडीचा, त्यातही मागाहून साथ देणाऱ्या गड्याचा.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण अवश्य आहे. बचाव करणारे सात गडी अर्धवर्तुळासारखे उभे राहतात. दोन टोकांना दोन कोपरे, त्यांच्या आतल्या बाजूस दोघे जोडीदार, त्यांच्याही आत दोन कव्हर आणि मध्यभागी एक. कोपऱ्याचे काम चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकताच किंवा वळताच त्याचा घोटा अथवा मांडी धरण्याचे. कव्हरचे काम त्यानंतर सुरू होते. धरलेला गडी मध्यरेषेकडे झेपावतो, तेव्हा त्याची वाट अडवायची किंवा धडक देऊन त्याला बाहेर काढायचे. कोपऱ्याची पकड पहिली, कव्हरची दुसरी, आणि दोहोंमध्ये अंतर डोळ्याची पापणी लवण्याइतके.

वृत्तपत्रांनी कव्हरला 'मध्यरक्षक' आणि कोपऱ्याला 'कोपरारक्षक' असे प्रतिशब्द दिले आहेत. कोपरारक्षकातील 'कोपरा' लोकांनी ठेवला आणि 'रक्षक' गाळला. मध्यरक्षक मात्र छापील राहिला, मैदानावर उतरला नाही. माझ्या मते याचे कारण केवळ लांबी नव्हे. तो गडी मध्याचे रक्षण करीत नाही, तो दुसऱ्याच्या पकडीला साथ देतो, आणि 'मध्यरक्षक' या शब्दात नेमकी ती साथच नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये मागील फळीला जे नाव आहे त्याचा अक्षरशः अर्थ 'दुय्यम' असा होतो, आणि तेथील प्रेक्षकही त्याच फळीच्या शिकवणुकीवरून असेच भांडतात. परंतु मराठीत 'दुय्यम' म्हटले की क्रम मागे पडून दर्जा पुढे येतो. कव्हर काळाने दुसरा आहे, दर्जाने नव्हे. ही गोष्ट आपल्या भाषेत सांगावयास अद्याप चांगला शब्द नाही.

आता वादाकडे वळू. गेल्या काही वर्षांत या वादाला पुणेरी पलटण या व्यावसायिक संघाने भरपूर सामग्री पुरविली. 2022 च्या डिसेंबरात हा संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून 33-29 असा हरला. 1 मार्च 2024 रोजी बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने हरियाणाला 28-25 असे नमवून प्रथमच विजेतेपद मिळविले. त्या हंगामात डाव्या कोपऱ्यावर इराणचा मोहम्मदरेझा शादलूई होता. चढाईपटूने पुढे येण्याची वाट न पाहता आपणच पुढे सरसावून पकड करणे ही त्याची रीत. पुढील हंगामात तो हरियाणाकडे गेला, आणि 29 डिसेंबर 2024 रोजी बालेवाडीत, म्हणजे पुण्याच्याच अंगणात, पाटण्याला 32-23 असे हरवून हरियाणा विजेता झाला. पलटण त्या वर्षी बाद फेरीतही पोहोचली नाही. कर्णधार अस्लम इनामदार जायबंदी झाला होता हे खरे. तरी आंदर मावळात मी ऐकलेल्या बोलण्यात त्याच्या गुडघ्यापेक्षा 'कोपरा सोडला' हीच तक्रार अधिक वेळा आली. 2025 मध्ये अजय ठाकूर यांच्या हाताखाली संघ पुन्हा अंतिम सामन्यात गेला व दिल्लीकडून 31-28 असा पराभूत झाला. मग वाद नव्याने सुरू.

'कोपरा सोडला' या वाक्यात 'सोडणे' आले, हा योगायोग नाही. सुटणे-सोडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे या जोड्यांत धातूतला उकार ओकार होतो, टकाराचा डकार होतो, आणि अकर्मक क्रिया सकर्मक होते. व्याकरणाच्या वर्गात आपण ही जोडी रूपसिद्धीचे उदाहरण म्हणून शिकवितो. मैदानाच्या कडेला तीच जोडी न्यायनिवाड्याचे साधन होते. चढाईपटू निसटला, की आपल्या संघाचा अभिमानी म्हणतो, "सुटला." टीकाकार म्हणतो, "कोपऱ्यानं सोडला." घटना एकच. पहिल्या वाक्यात कोपऱ्याला जागाच नाही. दुसऱ्यात 'ने' प्रत्यय लागून तो कर्ता म्हणून उभा राहतो, आणि कर्ता म्हटला की दोषही त्याचाच.

या दोहोंच्या मध्ये तिसरी एक रचना आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते: "त्याच्या हातनं सुटला." येथे क्रियापद अकर्मकच राहते, परंतु माणूस वाक्यात येतो, तो कर्ता म्हणून नव्हे तर ज्याच्या ठायी घटना घडली तो म्हणून. 'त्याच्याकडून चूक झाली' ही रचनाही याच जातीची. हेतू नाही पण संबंध आहे, असे सांगण्याची ही सोय मराठीत आहे, आणि वडीलधारी माणसे मुलांविषयी बोलताना ती आवर्जून वापरतात. एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारले, "सोडला म्हंजी मुद्दाम का सोडल पोरगं?" व्याकरणाचा एवढा नेमका विवरणकार मला विभागात क्वचितच भेटला आहे.

(जाता जाता एक गोष्ट. प्रमाण मराठीत मनुष्यवाचक कर्मास 'ला' लागला की क्रियापद नपुंसकलिंगी होते: 'त्याला सोडले'. कडेच्या बोलण्यात मात्र 'त्याला सोडला' असे सर्रास ऐकू येते. 'ला' असूनही क्रियापद कर्माशी जुळते. ही केवळ अशुद्धता मानून सोडून देऊ नये, तिची स्वतंत्र नोंद व्हावयास हवी.)

प्रशिक्षकाला दोष द्यावयाचा झाला, तर भाषा प्रयोजकाकडे वळते. 'उभा राहिला' ऐवजी 'उभा केला', 'खेळला' ऐवजी 'खेळवला'. "पोरगं मागं उभं नव्हतं राहिलं, मागं उभं केलं व्हतं," या एका वाक्यात सगळा खटला आहे. 'खेळवणे' या धातूला तर दोन धारा आहेत. प्रशिक्षक गड्याला खेळवतो म्हणजे संघात घेतो. चढाईपटू बचावाला खेळवतो म्हणजे त्याची फजिती करतो. एकाच संभाषणात दोन्ही अर्थ येतात आणि कोणाचाही गोंधळ होत नाही.

परंतु दोष खरोखर कोणाचा, हा प्रश्न भाषेने सुटत नाही, आणि येथे थोडे गणित करावे लागते. पकड यशस्वी झाली तर बचावास एक गुण. फसली तर जितक्या गड्यांना स्पर्श झाला तितके गुण चढाईपटूस. समजा, एकटा कोपरा दहांपैकी पाच पकडी साधतो. मिळाले पाच, गेले पाच, हिशेब शून्य. आता कव्हर प्रत्येक वेळी साथीला आला व त्यामुळे सहा पकडी साधल्या. मिळाले सहा, पण फसलेल्या चारांत दोघेही बाद, म्हणून गेले आठ. पकडी वाढल्या आणि संघ दोन गुणांनी मागे पडला. सात साधल्या तरच एक गुण हाती राहतो. म्हणजे कव्हरची साथ दहांत किमान दोन पकडी वाढवीत असेल तरच ती लाभाची.

मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले, की यशस्वी पकडीचे दोन गुण मिळतात. वृत्तपत्रे हिला 'अव्वल पकड' म्हणतात. तेथे एकट्याच्या पाच पकडींचा हिशेब अधिक पाच, साथीने सहा झाल्या तर अधिक चार, सात झाल्या तर अधिक आठ. साथ न फळल्याचा तोटा उणावला, फळल्याचा लाभ वाढला. म्हणून भरल्या मैदानात मागे थांबणारा कव्हर तिघेच उरल्यावर झेप घेतो, तेव्हा त्याने शिस्त मोडलेली नसते. लोणाचे भय आणि बाद गडी परत येण्याचा हिशेब यात धरलेला नाही. तो धरला तर आकडे हलतील, दिशा सहसा हलणार नाही.

प्रेक्षकाला मात्र दहा पकडी एकत्र दिसत नाहीत, समोरची एक दिसते. ती साधली तर "कव्हर टायमाला आला", फसली तर "कव्हरनं यायचं काय कारण व्हतं?" आलाच नाही आणि गडी सुटला, तर "बघत राहिला". तिन्ही वाक्यांत कव्हरने केलेला विचार एकच असू शकतो. तो विचार बरोबर होता काय, हे विचारणारे वाक्य मला या वादांत फारसे ऐकू आले नाही.

दूरचित्रवाणीवरच्या गड्याला या बोलण्याने काही होत नाही, ते त्याच्यापर्यंत पोहोचतही नाही. गावच्या संघातला कव्हर मात्र सतरा-अठरा वर्षांचा असतो, आणि "बघत राहिला" म्हणणारे त्याचे काका-मामाच असतात. गेल्या हिवाळ्यात अशाच एका मुलाला मी दोन सामने पाहिले. पहिल्यात त्याची साथ दोनदा फसली आणि लोक बोलले. दुसऱ्यात तो जागचा हलला नाही. तिघे उरले, कोपऱ्याने घोटा धरला, दोन गुण समोर होते, तरी तो थांबला. सामन्यानंतर त्याचा प्रशिक्षक, जो दिवसा टाकव्याच्या एका कारखान्यात कामाला जातो आणि संध्याकाळी बिनपगारी शिकवितो, त्याच्याजवळ जाऊन बसला. काय बोलणे झाले ते सर्व मला ऐकू आले नाही. "तुझ्या हातनं सुटला न्हाय, तू गेलाच न्हाईस," एवढे ऐकू आले. मुलाने मान खाली घातली. मग दोघे उठले आणि रिकाम्या मैदानात कोपऱ्याच्या जागी प्रशिक्षक स्वतः उभा राहिला.