हाताला पुन्हा काम : व्यवसायोपचारातील पदव्युत्तर शिक्षणाची निवड

बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पसरलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्राची गणना आशियातील मोठ्या लघुउद्योग वसाहतींमध्ये होते. १९७० च्या दशकात आकारास आलेल्या या वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग, डाय व साचे, प्लेटिंग, रबर व प्लास्टिकच्या वस्तू, तयार कपडे अशा नाना उद्योगांचे लहानमोठे कारखाने शेजारी शेजारी उभे आहेत. २०१४ मध्ये मेट्रो रेल्वे येथवर पोहोचली आणि सकाळच्या पाळीची गर्दी रस्त्याबरोबर रुळांवरही दिसू लागली. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, इचलकरंजी या पट्ट्यातून लेथ, मिलिंग वा डाय-फिटिंगचे कसब घेऊन आलेली मराठी कुटुंबे या परिसराला नवीन नाहीत.

या वसाहतीचा सारा व्यवहार अखेर माणसाच्या हातावर उभा आहे आणि म्हणूनच येथे सर्वांत मोठे भय असते ते हात जायबंदी होण्याचे. पॉवर प्रेसखाली क्षणार्धात बोट सापडते, ग्राइंडरवर शीर तुटते, शिलाई विभागात वर्षानुवर्षे तीच हालचाल करून मनगट कायमचे दुखू लागते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अशा हानीचे कोष्टकच दिले होते. अंगठा गेल्यास उपार्जनक्षमतेत ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के आणि एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के घट धरावी, असे त्यात नमूद होते. भरपाईसाठी असे कोष्टक आवश्यकच असते. परंतु ज्या डाय-फिटरला मायक्रोमीटर चिमटीत धरता येत नाही, त्याचे नुकसान टक्केवारीत मावत नाही. शल्यचिकित्सक जखम सांधतो. त्यानंतर तो हात पुन्हा कामाला लावण्याचे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी.

व्यवसायोपचारतज्ज्ञ जखमी हातासाठी मापाचा स्प्लिंट घडवितो, सांधलेल्या शिरेला किती दिवसांनी किती ताण द्यावा हे ठरवितो, पकडीची ताकद मोजतो, हत्याराची मूठ बदलून देतो आणि गरज पडल्यास कारखान्यात जाऊन त्या कामगाराचे काम टप्प्याटप्प्याने तपासतो. या शास्त्राचा आवाका अर्थातच हातापुरता मर्यादित नाही. पक्षाघातानंतर स्वतःच्या हाताने जेवू पाहणारे आजोबा, शाळेत स्थिर बसू न शकणारे मूल, मानसिक आजारातून सावरून नोकरीवर परतणारा तरुण ही सारी या शास्त्राचीच क्षेत्रे होत. नेमक्या या व्यापामुळेच पदव्युत्तर शिक्षणाची निवड अवघड होते.

मुंबईत रोवलेले बीज

या विद्याशाखेचा भारतातील इतिहास महाराष्ट्राशी निगडित आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी या विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून कमला निंबकर झाल्या. फिलाडेल्फिया येथे व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेऊन त्या भारतात परतल्या आणि १९५० मध्ये त्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली, तिच्याही त्या पहिल्या अध्यक्षा होत्या. पुढे नागपुरातही असे विद्यालय उभे राहिले. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा आज त्यांचे नाव सांगते.

कमलाताईंनी शिक्षण परदेशात घेतले, पण ते कोणासाठी आणि कोठे वापरायचे याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. आजच्या विद्यार्थ्याने निवडीचा आरंभ नेमका याच प्रश्नापासून करावा. संस्थेचे नाव, शहर वा देश यांचा विचार त्यानंतरचा.

तीन वाटा

पीण्याजवळच्या एखाद्या मराठी घराची कल्पना करू या. वडील टूल-रूममध्ये कामाला, निवृत्तीस सहा-सात वर्षे उरलेली. घराचे कर्ज अद्याप पुरते फिटलेले नाही. मुलगी व्यवसायोपचाराची पदवी पूर्ण करीत आहे आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज भरावयाचे आहेत. तिच्यासमोर साधारणतः तीन वाटा असतात.

पहिली वाट शासकीय व राष्ट्रीय संस्थांची. मुंबईत के. ई. एम., शीव व नायर या महापालिकेच्या रुग्णालयांशी संलग्न महाविद्यालये आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे या विषयाची जुनी परंपरा आहे. कटकजवळ ओलटपूर येथील स्वामी विवेकानंद राष्ट्रीय पुनर्वसन संस्था आणि कोलकात्याची राष्ट्रीय गतिविकलांगता संस्था याही नामांकित आहेत. शुल्क तुलनेने कमी आणि रुग्णसंख्या विपुल, हे या वाटेचे बलस्थान. मात्र जागा मोजक्या असतात. महाराष्ट्रात या प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा होते. कर्नाटकात वाढलेल्या विद्यार्थ्याने अधिवासाच्या आणि पदवी कोणत्या राज्यातून घेतली याच्या अटी माहितीपत्रकातून बारकाईने वाचाव्यात. सीमाभागातील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातील काही व्यावसायिक अभ्यासक्रमांत स्वतंत्र तरतूद असते. आपल्या अभ्यासक्रमास ती लागू आहे किंवा नाही, याची लेखी खातरजमा करून घ्यावी.

दुसरी वाट खाजगी व अभिमत संस्थांची. कर्नाटकातच मणिपाल येथे आणि शेजारच्या तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. वेल्लोरचे उदाहरण हाताच्या संदर्भात मुद्दाम सांगावेसे वाटते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. पॉल ब्रँड यांनी तेथे कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया आरंभिल्या. बोटे सरळ झाली, तरी त्या हातांना काम शिकवावे लागते, हे ध्यानी आल्यावर सुतारकामासारखे उद्योग शिकविणारे ‘न्यू लाइफ सेंटर’ सुरू झाले. शस्त्रक्रिया आणि उपजीविका यांची अशी सांगड जेथे रुजलेली असते, तेथे विद्यार्थ्याला ग्रंथाबाहेरचे पुष्कळ शिकावयास मिळते.

तिसरी वाट परदेशाची. येथे एक भेद न ओळखल्याने मोठी फसगत होऊ शकते. अमेरिकेसारख्या देशात या विषयाचे अभ्यासक्रम दोन प्रकारचे असतात. एक, व्यवसायात नव्याने प्रवेश करणाऱ्यांसाठी आणि दुसरा, आधीच पात्रता मिळविलेल्यांसाठी. दुसऱ्या प्रकारचा अभ्यासक्रम अल्प मुदतीचा असल्याने आकर्षक वाटतो, परंतु केवळ तो पूर्ण केल्याने तेथे व्यवसाय करण्याचा परवाना मिळत नाही. परदेशात पदवी घेतलेल्या उमेदवाराची पात्रता एनबीसीओटी ही संस्था स्वतंत्रपणे तपासते. त्यानंतर परीक्षा, मग त्या त्या राज्याचा परवाना आणि शेवटी व्हिसाचा प्रश्न. ब्रिटनमध्ये एचसीपीसीकडे नोंदणी झाल्यावाचून हे पदनाम लावता येत नाही.

नियमही बदलत असतात. अमेरिकेत २००७ पासून पदव्युत्तर पदवी ही या व्यवसायाची किमान पात्रता झाली. २०१७ मध्ये तेथील अधिस्वीकृती मंडळाने २०२७ पासून डॉक्टरेट अनिवार्य करण्याचे जाहीर केले, २०१८ मध्ये तो निर्णय स्थगित झाला आणि २०१९ मध्ये दोन्ही वाटा खुल्या ठेवण्याचे ठरले. मधल्या काळात केवळ त्या घोषणेवर विसंबून अधिक खर्चाचा मार्ग धरणे घाईचे ठरले असते.

संस्थेला विचारावयाचे प्रश्न

अर्ज भरण्यापूर्वी आणि विशेषतः एकाहून अधिक ठिकाणी प्रवेश मिळाल्यावर, पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत.

पहिला प्रश्न विशेष शाखेचा. हात व अस्थिस्नायू, मज्जासंस्था, बालविकास, मानसिक आरोग्य, समाजाधारित पुनर्वसन यांपैकी नेमके काय शिकावयाचे? सर्वच संस्था सर्व शाखा चालवीत नाहीत. पीण्यासारख्या परिसरात राहून जिला जखमी कामगारांसाठी काम करावयाचे आहे, तिने बालविकासाच्या विभागासाठी ख्यात असलेली संस्था निवडणे म्हणजे उत्तम गाडीत बसून भलत्याच गावी उतरणे होय.

दुसरा प्रश्न रुग्णांचा. त्या विभागात दररोज किती आणि कोणते रुग्ण येतात? हाताच्या शस्त्रक्रियेचा विभाग त्याच आवारात आहे काय? पदव्युत्तर विद्यार्थी स्वतः स्प्लिंट घडवितात की नुसते पाहतात? हे माहितीपत्रकात सापडत नाही. त्यासाठी एक दिवस प्रत्यक्ष जाऊन बाह्यरुग्ण विभागात बसावे आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलावे.

तिसरा प्रश्न मार्गदर्शकाचा. प्रबंधासाठी आपल्या शाखेतील अनुभवी अध्यापक उपलब्ध आहेत काय? नामवंत संस्थेतही नेमक्या त्याच वर्षी ती जागा रिक्त असू शकते.

चौथा प्रश्न मान्यतेचा. भारतात २०२१ मध्ये राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा झाला आणि व्यवसायोपचार त्याच्या कक्षेत आला. संस्थेची मान्यता व विद्यापीठाची संलग्नता तपासूनच शुल्क भरावे. जागतिक व्यवसायोपचारतज्ज्ञ महासंघाच्या निकषांनुसार मूळ व्यावसायिक शिक्षणात किमान १,००० तासांचे प्रत्यक्ष अनुभवकार्य अपेक्षित आहे. भविष्यात परदेशी जाण्याचा विचार असल्यास या तासांची प्रमाणपत्रे आणि विषयवार अभ्यासक्रम महाविद्यालयाकडून वेळीच घेऊन जपून ठेवावेत.

हिशेब घराचा

आता पैशाकडे वळू. व्याजदर १० टक्के आणि परतफेडीची मुदत १० वर्षे धरली, तर ६ लाख रुपयांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ७,९३० रुपये होतो, १० लाखांचा सुमारे १३,२१५ आणि ३० लाखांचा सुमारे ३९,६४५ रुपये. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्षात अभ्यासक्रमाच्या काळात आणि त्यानंतरच्या सवलतीच्या मुदतीत, जी बहुधा एक वर्षाची असते, व्याजाची आकारणी चालूच राहते. ते व्याज दरमहा भरीत गेल्यास पुढील भार हलका होतो.

त्यामुळे कर्ज किती मिळेल यापेक्षा, जेथे नोकरी करावयाची आहे तेथील पहिल्या वेतनातून हप्ता झेपेल काय, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. परदेशी शिक्षणासाठी ३० लाखांचे कर्ज काढून परवान्याअभावी मायदेशी परतावे लागले, तर तो हप्ता भारतातील आरंभीच्या वेतनातून भरणे बहुतेकांना जड जाईल. सहकर्जदार वडील असतील, तर त्यांच्या निवृत्तीचे वर्ष आणि हप्ते सुरू होण्याचे वर्ष एकमेकांशेजारी लिहून पाहावे. राहते घर तारण ठेवण्यापूर्वी तर ते अवश्य करावे.

शासकीय योजनांची माहितीही हवी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत देशातील निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्यांना तारण व जामीनदाराविना कर्ज देण्याची तरतूद आहे. ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या मुदतीत ३ टक्के व्याज-अनुदानाची सोयही तीत आहे. आपली संस्था त्या यादीत आहे किंवा नाही, हे आधी पाहावे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील आयकर वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, मात्र ती जुनी करपद्धती स्वीकारणाऱ्यांनाच. वजावट घ्यावयाची असल्यास कोणती पद्धत लाभदायक ठरते, याचा आधीच हिशेब करावा.

शाखेतील अधिकाऱ्यांनीही अशा अर्जाकडे केवळ संस्थेच्या नावावरून पाहू नये. विशेष शाखा कोणती, परवाना कोठला, काम कोठे करणार, ही तीन उत्तरे अर्जदाराजवळ तयार असतील, तर परतफेडीची निम्मी खात्री तेथेच होते. ती नसतील, तर चांगला अधिकारी त्याला आणखी एक महिना विचार करावयास सांगेल.

थांबण्याचाही पर्याय

अनेकदा चौथी वाट विसरली जाते. पदवीनंतर एक-दोन वर्षे एखाद्या रुग्णालयात वा पुनर्वसन केंद्रात काम करावे आणि मग पदव्युत्तर शिक्षणाकडे वळावे. बंगळुरात १९५९ पासून कार्यरत असलेली ‘द असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी’ किंवा १९९४ मध्ये स्थापन झालेली ‘मोबिलिटी इंडिया’ यांसारख्या संस्थांचे काम जवळून पाहिले, तर आपला कल कोणत्या शाखेकडे आहे हे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक स्पष्ट होते. या काळात थोडी बचत होते, घरचे कर्ज काहीसे उतरते आणि प्रवेशाच्या मुलाखतीत सांगण्यास स्वतःचा अनुभव असतो. वर्ष वाया गेले, ही भीती येथे अनाठायी आहे.

ज्या घराची आपण कल्पना केली, तेथील मुलीने हात व अस्थिस्नायू ही शाखा निश्चित केली असेल आणि बंगळुरातच काम करण्याचा तिचा मानस असेल, तर तिच्यासाठी क्रम बऱ्याच अंशी ठरून जातो. शासकीय वा राष्ट्रीय संस्थेत ही शाखा व जागा मिळाल्यास ती पहिली. ती न मिळाल्यास हाताच्या शस्त्रक्रियेचा सक्रिय विभाग असलेली जवळची खाजगी संस्था, मर्यादित कर्ज घेऊन. परदेशाचा विचार परवान्याची वाट पूर्णपणे स्पष्ट झाल्यावर. जिला बालविकासात रस आहे किंवा जिचे भवितव्य खरोखरच परदेशात आहे, तिचा क्रम याहून वेगळा होईल आणि तोही तितकाच योग्य असेल. तिच्या हातून उद्या ज्या फिटरचा अंगठा पुन्हा मायक्रोमीटर धरू लागेल, तो तिचे प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचे हे विचारणार नाही. आपण पुन्हा कामावर कधी जाऊ, एवढेच तो विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची विद्या जेथे नीट शिकता येते आणि जेथील शिक्षणाचा खर्च घराला पेलतो, ती संस्था निवडावी.