खोटा अंगठा, खरे विज्ञान

लंडनमधल्या एका कचेरीची तिजोरी. आतले हिरे गायब, आणि कागदाच्या चिठोऱ्यावर रक्ताने उमटलेला अंगठा. तो जुळतो मालकाच्या पुतण्याशी. पोलिसांच्या लेखी प्रकरण मिटले. रिचर्ड ऑस्टिन फ्रीमनची ‘द रेड थम्ब मार्क’ ही 1907 सालची कादंबरी मात्र इथूनच वेग घेते.

तेव्हा ठशांचा दबदबा ताजा होता. 1905 मध्ये डेप्टफर्डच्या दुहेरी खुनात गल्ल्याच्या पेटीवरच्या अंगठ्याने स्ट्रॅटन बंधूंना फासावर पोचवले होते. त्याआधीचा दाखला तर आपल्याकडचाच. जलपाईगुडीतल्या चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनानंतर बंगाली पंचांगावर रक्ताळलेला अंगठा सापडला. तो निघाला जुन्या नोकराचा. 1898 मध्ये न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनातून सोडले. खून करताना त्याला कुणी पाहिले नव्हते ना! फ्रीमनची शंका याच्याही पुढची आहे: ठसा मिळाला म्हणून माणूस तिथे होताच कशावरून?

फ्रीमन स्वतः डॉक्टर, आणि त्याचा नायक थॉर्नडाइक डॉक्टर अधिक वकील. ठशाकडे तो भिंगातून बघतो तेव्हा रेघांच्या मधोमध इंग्रजी ‘एस’च्या आकाराची एक पांढरी फट दिसते. अंगठ्यावर तसा व्रण नाही. घरातल्या मंडळींचे ठसे हौसेने घेतलेल्या एका वहीत, पुतण्याच्या ठशात, तश्शीच फट! ठसा उमटताना कागदाचा तंतू सुटून आल्यामुळे ती पडलेली. अशी गफलत दोनदा हुबेहूब कशी घडेल?

पुढची कृती एखाद्या छापखान्यातली वाटते. वहीतल्या ठशाचा फोटो काढायचा. जिलेटिनमध्ये डायक्रोमेट मिसळून पट्टी करायची, तिच्यावर निगेटिव्ह ठेवून उजेडात धरायची. उजेड लागला तेवढे जिलेटिन घट्ट होते, बाकीचे गरम पाण्यात धुऊन जाते. उरलेल्या उंच रेघा म्हणजे तयार शिक्का. न्यायालयात थॉर्नडाइक खऱ्या-खोट्या ठशांचा कागद तज्ज्ञापुढे ठेवतो. तज्ज्ञ छातीठोकपणे निवड करतो आणि तोंडघशी पडतो. ठशांवरच्या कथांमध्ये इतका झणझणीत प्रसंग विरळाच.

माणसांच्या बाबतीत मात्र फ्रीमनचा हात आखडतो. एवढी नाजूक कारागिरी जमणाऱ्या चोराला ती फट दिसू नये? थॉर्नडाइकला मारायला तो विषारी सिगार पाठवतो. म्हणजे आपणहून आणखी पुरावा पुरवतो. आणि हातात उत्तर असूनही थॉर्नडाइक निरपराध अशिलाला होलोवेच्या तुरुंगात ठेवून खटल्याच्या दिवसाची वाट बघतो. फिर्यादी पक्षाला सावध करायचे नाही, हे त्याचे कारण. वाचकाला चकित करायचे, हे लेखकाचे. जोडीला सहायक डॉक्टर जर्विसची प्रेमकहाणी आहे. ती पाने चाळत गेले तरी चालते.

जिलेटिन मात्र टिकले. 2002 मध्ये योकोहामा नॅशनल युनिव्हर्सिटीतले त्सुतोमु मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेवर राहिलेला ठसा टिपला, त्याचा फोटो प्रकाशसंवेदी सर्किट बोर्डवर उतरवून साचा केला आणि त्यात जिलेटिन ओतले. हे बनावट बोट त्यांनी ठसे ओळखणाऱ्या 11 यंत्रांवर टेकवून पाहिले, आणि बहुतेक वेळा यंत्रे फसली. जिलेटिन खाण्यातलेच असल्याने काम झाल्यावर पुरावा गिळूनही टाकता येतो. फ्रीमनच्या चोराला हे सुचले नव्हते.