काचेतलं बाळ : भाग ४
टाचेला सुई टोचताना

गेल्या आठवड्यात आपण पेटीतल्या उबेबद्दल बोललो. आज दुखण्याबद्दल. ‘बाळाला काचेत ठेवलंय’ असं कळलं की घरच्यांचा सगळा जीव ते वाचेल ना, या एका प्रश्नात अडकतो. त्याला दुखत असेल का, हे विचारायचं राहूनच जातं.

त्याला दुखतं. दिवस भरण्याच्या दहा-बारा आठवडे आधी जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून रक्त घेतात, तेव्हा त्याच्या तोंडाकडे नीट पाहा. सुई टोचताच भुवयांच्या मधला भाग फुगतो, डोळे घट्ट मिटतात, नाकपुडीपासून ओठांपर्यंतची घडी खोल होते. हाताची बोटं फाकतात, पाय मागे ओढला जातो. मॉनिटरवर ठोके वाढतात, ऑक्सिजनचा आकडा उतरतो. रडणं ऐकू येईलच असं नाही. घशात नळी असली तर आवाज फुटत नाही, आणि फार थकलेलं बाळ नुसतं मलूल पडून राहतं. ‘किती शांत आहे, काही त्रास नाही त्याला’ हा समज मला म्हणूनच फार घातक वाटतो.

मोठ्या माणसाच्या मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे संदेश वेदनेला आवर घालतात. कमी दिवसांच्या बाळात ही व्यवस्था अजून कच्ची असते. पुन्हापुन्हा टोचलेली टाच हुळहुळी होते आणि मग साधा स्पर्शही नकोसा होतो. पॅरिस परिसरातल्या अतिदक्षता विभागांमध्ये ४३० नवजात बाळांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका बाळाच्या वाट्याला दिवसाला साधारण दहा वेदनादायक गोष्टी येत होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक वेळा दुखणं कमी करण्यासाठी काहीच केलेलं नव्हतं.

डॉक्टरांनाही हे फार उशिरा पटलं. १९८०च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांची ऑपरेशनंसुद्धा जेमतेम भूल देऊन होत. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधामुळे बाळ हलायचं नाही, एवढंच. इंदूरला डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत सिंग आनंद यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेत काही अपुऱ्या दिवसांच्या बाळांना फेंटॅनिल हे वेदनाशामक दिलं. त्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कमी वाढली आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी झाली. हा शोधनिबंध १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभर भूल देण्याची पद्धत बदलायला लागली.

टाचेच्या सुईसाठी मात्र एवढं मोठं औषध लागत नाही. सुईच्या दोनेक मिनिटं आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने जिभेवर साखरेच्या द्रावणाचे थेंब देतात. हातपाय पोटाशी दुमडून तळव्यांनी हलकेच धरून ठेवतात. चोखता येणाऱ्या बाळाला त्या वेळी अंगावर पाजलं तर दुखणं चांगलंच कमी होतं. आणि आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवलेलं बाळ टोचल्यानंतर लवकर सावरतं. ही ‘कांगारू’ पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्यांच्या टंचाईतून सुरू झाली. २०२१ मध्ये दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांचे निष्कर्ष आले. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच असं जवळ घेतलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी आयांच्या खाटाच अतिदक्षता विभागात आणल्या होत्या.

आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी आई दाराबाहेर बाकावर बसलेली असते आणि तिला ठरलेल्या वेळीच आत सोडतात. जंतुसंसर्गाची भीती खरी आहे, पण हात नीट धुतलेल्या आईला बाहेर ठेवणं हे त्याचं उत्तर नव्हे. तुमचं बाळ आत असेल तर सिस्टरांना विचारा : पुढचं रक्त कधी घ्यायचं आहे, आणि तेव्हा मी त्याला छातीशी धरू शकते का? बाळाची तब्येत तेवढी स्थिर नसेल, तर पेटीच्या झरोक्यातून हात घालून त्याला धरता येईल का, तेही विचारा.

(पुढच्या आठवड्यात : अलार्म, दिवे आणि बाळाची झोप)