मासे नसलेल्या तळ्याकाठची तालीम

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये बायसनच्या कुरणासमोरची झाडी ओलांडली की सिमेंटने बांधलेली तीन उथळ तळी लागतात. त्यांत एकही मासा नाही. तरीही काठावर माणसं मासेमारीचे रॉड घेऊन उभी असतात, पिवळ्या-केशरी दोऱ्या हवेत मागेपुढे झुलत असतात आणि दोरीच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा एवढासा गोंडा असतो. फ्लाय कास्टिंगचा रियाज करण्याची ही जागा. गोल्डन गेट अँगलिंग अँड कास्टिंग क्लब 1933 मध्ये स्थापन झाला. तळी आणि शेजारचं लाकडी क्लबघर 1938 चं. मंदीत बेकारांच्या हाताला काम देणाऱ्या सरकारी योजनेतून ते बांधलं गेलं. तळी सार्वजनिक बागेत असल्यामुळे तिथे उभं राहायला सभासद असावं लागत नाही.

पाण्याबाहेर एवढा रियाज कशासाठी, असं आपल्याकडचा गळवाला विचारेल. कोकणात खडकावरून गळ टाकणारा दोरीला शिसं बांधतो. शिसं पुढे जातं आणि दोरीला ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये सगळं उलटं. पिसं, केस आणि रेशीम आकड्याला गुंडाळून केलेल्या खोट्या किड्याला, म्हणजे फ्लायला, वजनच नसतं. वजन असतं ते जाड दोरीला. पाच नंबरच्या दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन 140 ग्रेन, म्हणजे साधारण नऊ ग्रॅम. हे नऊ ग्रॅम तीस फुटांवर पसरलेले असतात आणि तेवढ्यावर रॉडला वाकवायचं असतं. दोरी आधी मागे फेकायची, ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे फेकायची. थांबणं कमी पडलं तर चाबकासारखा आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. जास्त झालं तर दोरी मागच्या गवतात पडते. दोरी जितकी लांब, तितकं थांबणंही लांब.

अडचण अशी, की अर्धा खेळ पाठीमागे घडतो आणि डोळे पुढे असतात. आपलं मनगट कुठे मोडलं, रॉडचं टोक सरळ रेषेत गेलं की वळलं, हे फेकणाऱ्याला दिसत नाही. त्याला वाटतं आपण अगदी बरोबर केलं. म्हणून ही विद्या पुस्तकातून येत नाही. कुस्तीची तालीम जशी वस्तादाच्या नजरेवर चालते, तशी ही काठावरच्या दुसऱ्या माणसाच्या नजरेवर चालते. तो बाजूला उभा राहिला तर दोरीचा हवेतला लूप, म्हणजे वेढा, निमुळता की फुगलेला ते सांगतो. मागे उभा राहिला तर दोरी तिरकी जाते का ते सांगतो. मग उपाय सुचवतो. रॉडचा मागचा भाग बाहीत अडकव, म्हणजे मनगट मोडणार नाही. किंवा रॉड आडवा धरून गवताच्या वरून फेक, म्हणजे मागचा आणि पुढचा दोन्ही लूप तुझे तुलाच दिसतील. हातात भलताच जोर आला की दोरीचा वरचा पदर खालच्याला छेदतो आणि पुढच्या बारीक धाग्यात गाठ बसते. या गाठीचं खापर वाऱ्यावर फोडायची मासेमारांची जुनी सवय आहे, पण बहुतेक वेळा दोष एकदम दिलेल्या हिसक्याचा असतो. शेजारी कोणी उभं असेल तर ही सबब चालत नाही.

अशा गोतावळ्यातून मोठी माणसं निघाली. दोरीला नंबर देण्याची आजची पद्धत 1961 ची. त्याआधी दोरी जाडीवरून ओळखली जाई. वजनावर आधारलेली पद्धत रूढ व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत ओकलंडचे स्पर्धक मायरन ग्रेगरी पुढे होते. आज जगात कुठल्याही दुकानात पाच नंबरची दोरी मागितली की काय मिळणार ते आधीच ठाऊक असतं, याचं श्रेय अशा हौशी मंडळींना आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे मेल क्रीगर हे शिकवण्यासाठी नावाजलेले. 1992 मध्ये अमेरिकेतल्या फ्लाय फिशिंग महासंघाने कास्टिंग शिक्षकांना प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. स्टीव्ह राजेफ मुलगा असताना याच तळ्यांवर आला आणि पुढे दशकानुदशकं राष्ट्रीय विजेता राहिला. मॅक्सीन मॅककॉर्मिकही लहानपणी इथेच शिकली. 2016 मध्ये एस्टोनियात तिने अचूकतेच्या प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. दांडगी ताकद इथे कामाची नसते, हे तिच्याकडे पाहून कळतं. त्याआधी, 1951 मध्येच, जोन सॅल्व्हाटो या न्यू जर्सीच्या तरुणीने लांब फेकण्याच्या राष्ट्रीय प्रकारात सगळ्या पुरुषांना मागे टाकलं होतं. पुढे जोन वुल्फ या नावाने तिने शिकवण्यातच आयुष्य घालवलं.

स्पर्धेची गोष्ट वेगळी. मला जास्त मोलाचा वाटतो तो शनिवार सकाळचा विस्कळीत घोळका. कोणी नवा रॉड आणतो, चार जण तो हातात घेऊन पाहतात आणि त्यातल्या एखाद्याला कळून चुकतं, की आपल्या जुन्या रॉडमध्ये काही खोट नव्हती. दुकानदाराला हे रुचणार नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या कड्यांवर नेम धरायचा आणि चुकला की शेजाऱ्याकडे पाहायचं, एवढाच कार्यक्रम. त्यात त्रासही आहे. तासाभरात तीन जाणकार तीन उलट गोष्टी सांगतात: एक म्हणतो कोपर स्थिर ठेव, दुसरा म्हणतो पुढे ने, तिसरा म्हणतो दोघांचं ऐकू नकोस. नवशिक्याने पहिले काही महिने एकाचंच ऐकावं हे बरं. शिवाय तळ्याला प्रवाह नाही, पाठीमागे काटेरी झुडूप नाही, मासा तर नाहीच. इथे कड्यात अचूक टाकणारा नदीवरून रिकाम्या हाताने परतू शकतो, कारण पाण्याचा ओघ वाचणं ही दुसरीच विद्या.

मुलांकडे सॅन होजे किंवा फ्रीमाँटला सहा महिने राहायला जाणारे आपल्याकडचे आईवडील थोडे नाहीत. मुलं कामावर आणि आपण घरात, हा कंटाळा त्यांना चांगला माहीत आहे. या क्लबचे स्वयंसेवक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नवशिक्यांना फुकट शिकवत आले आहेत. तारीख मात्र निघण्याआधी विचारून घ्यावी. बायसन पाहायला बागेत जाणार असाल तर तेवढा रस्ता ओलांडा. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी हवीच. गोंडा लोकरीचा असला तरी दोरी वेगाने येते.