गाठ तेवढी काढली, नळी राखली

अन्ननलिकेत गाठ आहे एवढे कानावर पडले की घरातल्यांचा धीर सुटतो. ही भीती निराधार नाही, कारण या नळीत कर्करोगाच्याच गाठी जास्त. साध्या गाठी विरळा. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या १९,९८२ शवविच्छेदनांच्या नोंदीत त्या अवघ्या ९० निघाल्या. तरीही त्यांच्या शस्त्रक्रियेचा इतिहास मला मोलाचा वाटतो, कारण इथे शल्यविशारद पिढीगणिक कमी कापायला शिकले.

यातली नेहमी आढळणारी गाठ म्हणजे लायोमायोमा. ती नळीच्या स्नायूंत वाढते, आतले अस्तर शाबूत असते. काढायला सोपी; अडचण होती तिथवर पोहोचण्याची. छाती उघडली की फुप्फुस मिटते. त्यावर तोड म्हणून जर्मन शल्यविशारद झाउअरब्रुख यांनी १९०४ मध्ये कमी दाबाची खोलीच बांधली : रुग्णाचे धड आणि शल्यविशारद आत, रुग्णाचे डोके बाहेर. पुढे १९३२ मध्ये त्यांनीच अशी गाठ काढली, पण अन्ननलिकेच्या तुकड्यासकट. मग जठर वर ओढून जोडावे लागले.

पुढच्याच वर्षी जपानच्या ओसावा यांनी नळी न तोडता गाठ तेवढी सोलून काढली. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच. आतड्यावर असते तसे बाहेरचे पातळ आवरण अन्ननलिकेवर नसते. टाके नीट धरत नाहीत. जोड गळला, तर लाळ आणि अन्न छातीत उतरते आणि जीवावर बेतते. अस्तराला धक्का न लावणे म्हणजे हा धोका टाळणे. १९३७ मध्ये अमेरिकेत शल्यविशारद चर्चिल यांनीही हीच वाट धरली.

कृती आजही तीच आहे. स्नायूंचे धागे उभे फाकवायचे आणि फणसाच्या गऱ्यातून आठळी काढावी तशी गाठ सुटी करायची. मग तो भाग सलाईनखाली बुडवून नळीत हवा सोडायची. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरून पाहतो, तसेच बुडबुडे शोधायचे. शेवटी स्नायू शिवायचे, नाहीतर अस्तराला तिथे फुगवटा येतो.

एक धडा मात्र रुग्णांच्या त्रासातून मिळाला. दुर्बिणीतून गाठीचा तुकडा घेतला, तर अस्तर व्रणाने गाठीला चिकटते आणि सोलताना फाटते. म्हणून अशी गाठ दिसली की आधी आतून सोनोग्राफी करतात. ती कुठल्या थरात आहे ते त्यात कळते. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी लायोमायोमासारख्याच दिसणाऱ्या, पण कर्करोगाचे वळण घेऊ शकणाऱ्या ‘जिस्ट’ या वेगळ्या गाठीमागचा जनुकीय बदल दाखवला, तेव्हापासून मोठ्या किंवा वाढत्या गाठीबद्दल सावधगिरी आणखी वाढली.

१९९२ मध्ये छाती न उघडता, दुर्बिणीने गाठ सोलल्याचे पहिले अहवाल आले. २०१२ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी तर तोंडातून दुर्बीण घालून, अस्तराखाली बोगदा करून लहान गाठी काढल्याचे प्रसिद्ध केले. बाहेर एकही टाका नाही.

लहान, त्रास न देणारी गाठ बहुधा नुसती नजरेखाली ठेवतात. पण घास अडकत असेल, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून दिवस घालवू नका. दुर्बिणीची तपासणी करून घ्या. आणि अस्तराखाली गुळगुळीत गाठ निघाली, तर तुकडा घेण्याआधी आतून सोनोग्राफी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.