एकदा दिलेला हुकूम पुन्हा कामाला

सोलापुरी चादरीवर नक्षी कशी उठते, हे आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही. जेकार्डच्या पत्त्याला छिद्र असेल तेथे ताण्याचे सूत उचलले जाते, नसेल तेथे खालीच राहते. एक पत्ता म्हणजे आडव्या एका धाग्यापुरता हुकूम. पत्त्यांची माळ जपून ठेवली की वर्षभराने तीच मागणी आली तरी नक्षी नव्याने बांधावी लागत नाही. जोसेफ मारी जेकार्ड या फ्रेंच कारागिराने १८०४ च्या सुमारास ही सोय मागावर आणली. १८९० मध्ये अमेरिकेची जनगणना छिद्रांच्या पत्त्यांवरच मोजली गेली आणि ती युक्ती पुढे संगणकातही आली.

आता दरपत्रकाकडे वळू. ज्यांचे दरपत्रक साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असते, त्यांच्यासाठी 'विम' नावाचा मजकूर-संपादक आहे. ब्राम मोलेनार यांनी तो १९९१ मध्ये जगापुढे आणला. तो फुकट मिळतो. आवडल्यास युगांडातील गरजू मुलांना मदत करा, एवढीच त्यांची विनंती होती.

सुताचा भाव चढला, म्हणून साऱ्या यादीत ४५० च्या जागी ४७५ घालायचे आहे. कोलनचे बटण दाबून हुकूम एकदाच लिहावा. पुढच्या फाईलमध्ये कोलन दाबून वरच्या बाणाचे बटण दाबले की तोच हुकूम समोर येतो. पहिली दोन-तीन अक्षरे लिहून बाण दाबला तर त्या अक्षरांनी सुरू होणारेच जुने हुकूम दिसतात. 'क्यू' आणि लगेच कोलन दाबल्यास सगळी जुनी यादी उघडते. हवी ती ओळ दुरुस्त करून एंटर मारावा. संपादक बंद केला तरी ही यादी सहसा टिकते.

मात्र जुना हुकूम न वाचता चालवू नये, असे आम्ही बजावून सांगतो. १४५० रुपयांच्या चादरीतही ४५० आहेच. तीही मुकाट्याने १४७५ ची होईल, आणि छापलेली यादी गिऱ्हाइकाच्या हाती गेल्यावर बोलायला जागा उरणार नाही. माळेत एक पत्ता उलटा ओवला गेला की प्रत्येक चादरीत त्याच जागी खोट येते, तसलाच हा प्रकार. चूक लगेच लक्षात आली तर 'यू' दाबावे, बदल मागे फिरतो.